दुसरा गिअर खरडतोय

सकाळी ६.३०
कोल्हापूर. उद्यमनगरच्या मागं मिस्त्रींचं घर. अंगणात शहाबादी फरशी, वर पत्रा, खाली १९९८ ची मारुती ८००. गाडी एका निवृत्त गुरुजींची. तक्रार एकच. तिसऱ्यावरून दुसरा टाकला की खर्र. गाडीला गिअर चारच, आणि गावातला सगळा कारभार दुसऱ्यावर.
मिस्त्रींचं पूर्वी भाड्याच्या गाळ्यात गॅरेज होतं. भाडं वाढलं, ते घरी आले. आता फक्त गिअरबॉक्स घेतात. हाताखाली भाचा. त्याची हजेरी ६०० रुपये.

७.१५
ड्रेन प्लग सुटला. जुनं ऑइल घमेल्यात. मिस्त्रींनी दोन थेंब बोटावर घेऊन उन्हात धरले. बारीक सोनेरी कण चमकले. चुंबक फिरवला, एकही चिकटला नाही.
"पितळ हाय. रिंग गेलीया. दात शाबूत असणार."

८.३०
बॅटरी, स्टार्टर, क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, गिअर रॉड. मग चाकं, मग दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट. इंजिनखाली जॅक, जॅकवर लाकडाचा ठोकळा. गिअरबॉक्सचं माउंटिंग सोडलं की इंजिन त्या बाजूला कलतं, म्हणून.
पंचवीस-तीस किलोचा ऐवज दोघांनी सरळ रेषेत मागं ओढला. तो शाफ्टवर लोंबकळू द्यायचा नाही, क्लच प्लेट वाकते. प्लेट अजून चालेल. रिलीज बेअरिंग मात्र बदलायचं. ते चारशेचं, पण तिथवर पोचायला पुन्हा अख्खी सकाळ जाते.

१०.००
चहा. मामींनी जुनी साडी दिली, ती फरशीवर अंथरली. केसिंगच्या बाहेरचे बॉल-स्प्रिंग आधी काढले, एका वाटीत ठेवले. मग कडेचे बोल्ट. दोन अर्ध्यांमध्ये गॅस्केट नाही, नुसतं सिलिकॉन. जॉइंटमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही. अॅल्युमिनियमला खाच पडली की ऑइल गळतं. लाकडी हातोडीनं चहूबाजूंनी ठोकत राहायचं. दहा मिनिटांनी केस उचलली.
आत दोन शाफ्ट, फोर्क, आणि त्याच पेटीत डिफरन्शियल. भाचा प्रत्येक पायरीचा फोटो मोबाइलवर काढतो. मिस्त्री फोटो बघत नाहीत. साडीवर ज्या क्रमानं सुटलं त्या क्रमानं मांडतात, डावीकडून उजवीकडं.

११.३०
रॉकेल मिळत नाही, म्हणून धुवायला डिझेल. दोनशेचं. ब्रश, चिंधी, मग हवा.
आता मोजणी. पितळी रिंग गिअरच्या शंकूवर दाबून धरायची आणि मधल्या फटीत फिलर गेज घालायचा. नव्या रिंगेला फट एक मिलिमीटरच्या वर असते. अर्ध्याच्या खाली गेली की रिंग बाद. पहिला ०.९. चौथा ०.९. तिसरा ०.६. दुसरा ०.३.
रिंगेच्या आतून जात्याला टाकी लावावी तशा बारीक रेघा असतात. त्या रेघा ऑइलचा थर कापतात, रिंग शंकूला धरते, आणि गिअर व स्लीव्ह एका वेगाला येतात. मगच दात दातात बसतात. दुसऱ्याच्या रिंगेवर रेघा उरलेल्याच नाहीत. हात फिरवला तर गुळगुळीत.
गुरुजींना फोन. तिसऱ्याचीही रिंग बदलायची ठरली.

१२.४५
दोन्ही शाफ्ट गोणपाटात गुंडाळून भाचा मोपेडवर उद्यमनगरात. गिअर आणि बेअरिंग दाबून बसवलेले, हातोड्यानं निघत नाहीत. प्रेसवाल्यानं दोन शाफ्टचे दोनशे घेतले.
तिथून स्पेअर पार्टचं दुकान. दोन रिंगा ७००. बेअरिंग ४५०. ऑइल सील ३००. रिलीज बेअरिंग ४००. सर्क्लिप ६०, कारण जुनी पुन्हा लावत नाहीत. सिलिकॉन १८०. दोन लिटर ऑइल ७००. दुकानदार जीएल-५ पुढं करत होता, भारी आहे म्हणून. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं, जीएल-४ च. जीएल-५ मधलं गंधक पितळ खाऊ शकतं. एकूण २,७९०.

२.३०
जेवण झालं. शाफ्ट प्लास्टिकच्या पिशवीतून फ्रीजरमध्ये. बर्फाचा ट्रे मामींनी न बोलता बाहेर काढला. जुन्या कढईत ऑइल तापवलं, त्यात बेअरिंग तारेनं टांगलं, तळाला टेकू न देता. तासाभरानं गार शाफ्टवर गरम बेअरिंग. वरून पाइप, फक्त आतल्या रिंगवर. बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर मार गोळ्यांवर बसतो.

४.४५
जुळणी. रिंगेला तीन खाचा, हबला तीन की. खाचेत की बसली नाही तर रिंग पहिल्याच दिवशी फुटते. केस बंद करायच्या आधी मिस्त्री हातानं शाफ्ट फिरवतात, चारही गिअर टाकून बघतात. मग रिव्हर्स. मग सिलिकॉनची बारीक रेघ, आणि बोल्ट समोरासमोरचे.

७.१५
पेटी गाडीला. लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत ऑइल.

८.००
विद्यापीठाच्या बाजूचा चढ. तिसरा. क्लच. दुसरा. आवाज नाही. परत एकदा. मग गुरुजींनी चालवली.

८.४५
हिशोब. सामान २,७९०, प्रेस २००, डिझेल २००, मजुरी ४,०००. गुरुजींनी चष्मा लावून कागद वाचला.
"मजुरीत पाचशे कमी करा, मिस्त्री."
"गुरुजी, रिंगेच्या पैशाला काय बोलला न्हाईसा."
शेवटी तीनशे कमी झाले. भाच्याचे सहाशे वेगळे काढले. मिस्त्रींच्या खिशात ३,१००, चौदा तासांचे. हजार किलोमीटरवर ऑइल बदलायला या, म्हणून त्यांनी सांगितलं. त्या दिवसाची मजुरी दीडशे, हेही आत्ताच सांगून टाकलं.