मळवलीची लक्ष्मी, हंटरवाली आणि आर्ची

चिंचवडला लोणावळा लोकल पकडा आणि नवव्या स्टेशनावर उतरा. मळवली! बहुतेक मंडळी इथं उतरतात ती लोहगडासाठी, भाज्याच्या लेण्यांसाठी, नाहीतर पावसात भिजून कांदाभजी खाण्यासाठी. पण तुमच्या पणजीच्या देवघरातल्या तसबिरीतली लक्ष्मी कदाचित याच गावात छापलेली असेल. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि प्लेगच्या दिवसांत घाट चढून मळवलीला आला.

आज कुणी टॅबलेटवर आर्ची रंगवून इन्स्टाग्रामवर टाकतं, कुणी वंडर वुमनला नऊवारी नेसवतं आणि खाली कॉमेंट पडते, ‘काय भारी आयडिया!’ आयडिया भारी आहेच, नवी मात्र नाही. खुद्द रविवर्मा केरळचा, पण पुराणातल्या कितीतरी नायिकांना त्यानं नऊवारीच नेसवली.

एका चेहऱ्याला दगड किती?

लक्ष्मी छापायची तर आधी जर्मनीहून आलेला चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा. त्यावर चित्र उलटं उतरवायचं, तेही तेलकट शाईनं. दगड ओला केला की पाणी कोऱ्या जागी बसतं आणि छापायची शाई फक्त तेलकट रेघांना धरते. झाला एक रंग. दुसऱ्या रंगाला दुसरा दगड, तिसऱ्याला तिसरा. गालावरची एक गुलाबी छटा हवी तर त्यासाठी आणखी एक. तोच कागद तितक्या वेळा दाबाखालून काढायचा आणि दर वेळी तो नेमका त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तर लक्ष्मीची लाली ओठ सोडून हनुवटीवर! चाकणच्या कुठल्याही शॉपफ्लोअरवर अशा मालाला एका शब्दात ‘रिजेक्शन’ म्हणतील.

एवढा खटाटोप करून छापलेलं चित्र घरी आलं की बायका त्यावर पुन्हा हात चालवत. साडीच्या काठावर जर चिकटवायची, दागिन्यांवर टिकल्या आणि मणी लावायचे, मग काच बसवून घ्यायची. फॅन आर्ट म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

चाकणला मर्सिडीजचा कारखाना २००९ साली उभा राहिला. त्याच्या शंभरेक वर्षं आधी मावळात एक जर्मन तंत्रज्ञ कारखाना चालवत होता. फ्रिट्झ श्लायशर. रविवर्म्यानं छापखाना त्यालाच विकला. पुढे तिथल्या देवी साबणाच्या जाहिरातींवरही झळकल्या. १९७२ साली आग लागली आणि कारखान्याची राख झाली.

पहिली नायिका? अण्णा!

या छापखान्यासाठी फोटो-लिथोचं काम करणारा एक खटपट्या माणूस पुढे छपाई सोडून भलत्याच नादी लागला. दादासाहेब फाळके! ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) त्यांना तारामती काही मिळेना. शेवटी मुंबईत ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके सापडले. तिथं पगार दहा रुपये. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. भारतीय पडद्याची पहिली नायिका अशी पाच रुपयांच्या वाढीवर ठरली. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) तर हेच अण्णा रामही झाले आणि सीताही. प्रेक्षकांची काही तक्रार नव्हती.

खऱ्या बाईला पडद्यावर यायला मात्र फार वेळ लागला नाही. त्याच १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई अशा मायलेकीच उभ्या राहिल्या. कमलाबाई म्हणजे विक्रम गोखल्यांची आजी.

उलटा किस्सा आपल्या देहूच्या तुकोबांचा. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. पण माझं मत विचाराल तर त्या सिनेमात भाव खाऊन जाते ती गौरी या नटीनं उभी केलेली तुकोबांची बायको, आवली. म्हशीवर, पोरांवर आणि विठोबावर सारख्याच तोंडानं खेकसणारी! तिचं चित्र फारसं कुणी काढत नाही, हा चित्रकारांचा करंटेपणा. त्याच ‘प्रभात’च्या बोधचिन्हावर तुतारी फुंकणारी बाई आहे, हेही जाता जाता.

पोस्टरवरची, गाडीवरची

सिनेमाचं पोस्टर हाताने रंगवण्यात आपल्याकडे बाबूराव पेंटरांचं नाव पहिल्या रांगेतलं. कोल्हापूरचा गडी, आडनाव मेस्त्री. पण ब्रश असा चालायचा की लोकांनी ‘पेंटर’ हेच आडनाव करून टाकलं. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं (१९२४) पोस्टर आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत गणलं जातं.

मग आली हंटरवाली. १९३५. ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी एव्हान्स, पडद्यावरची नादिया. हातात चाबूक, डोळ्यांवर मुखवटा, चालत्या गाडीच्या टपावर मारामारी. तिच्या सिनेमांत घोड्याचं नाव ‘पंजाब का बेटा’ आणि मोटारीचं ‘रोल्स रॉईस की बेटी’. मोटारीला नाव देऊन तिला पात्र करून टाकणारी ही नायिका मोटारींच्या आपल्या पट्ट्यात कुठल्याच भिंतीवर रंगवलेली दिसू नये? ८ जानेवारी २०१८ ला तिच्या जन्माला ११० वर्षं झाली, तेव्हा गूगलनं डूडल करून तिची आठवण ठेवली. बुलेट आणि ट्रॅक्टर हाणणारी ‘सैराट’ची आर्ची (२०१६) तिच्याच घराण्यातली, एवढंच की हिच्या हातात चाबूक नव्हता; नजरच पुरेशी होती.

दलाल की मुळगावकर?

तुमच्या घरातल्या पंचाहत्तरीच्या माणसाला हा प्रश्न विचारा आणि मागे सरका. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६), दोघेही मूळचे गोव्याचे, दोघांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं गाजवली. दलालांचा ‘दीपावली’, मुळगावकरांचा ‘रत्नप्रभा’. दलालांची नायिका रेषेत सापडते. मान किंचित कललेली, चार फटकाऱ्यांत अख्खी बाई. मुळगावकरांची नायिका स्प्रेच्या धुक्यातून आल्यासारखी मऊ, तकतकीत. गंमत म्हणजे घरोघरच्या कॅलेंडरांवर देवी रंगवणारा हाच हात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही रंगवायचा. माझं मत दलालांना. भांडायचं असेल तर दिवाळीत भेटा.

पंढरपुरात जन्मलेले आणि उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवणारे मकबूल फिदा हुसेन म्हातारपणी माधुरीवर लट्टू झाले. नुसती चित्रं काढून भागेना, म्हणून तिला घेऊन ‘गजगामिनी’ (२०००) हा सिनेमाच काढला. तिच्या चित्रांवर सही करत ‘फिदा’. नाव मधलंच, पण काम किती चोख!

आणि ब्रेकमध्ये चहात बुडणारी ती पार्ले-जीची मुलगी? कुणी म्हणतं, त्या सुधा मूर्ती. कुणी म्हणतं, नागपूरकडची कोणी. कंपनीनं कधीच सांगून टाकलंय की ती कुणाचाच फोटो नाही. साठच्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतल्या मगनलाल दैया यांनी काढलेलं ते चित्र आहे. तरी अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हीच ती मुलगी’ म्हणून एक नवी आजी हजर होतेच.