पंधरा वर्षांची मोटार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटारीच्या नोंदणीस पंधरा वर्षे पूर्ण होत आली की मालकाच्या कानी नाना प्रकारच्या वार्ता येऊ लागतात. सरकारने अशा गाड्यांवर बंदी घातली आहे, त्यांचे पासिंग आता होत नाही, झालेच तर दरवर्षी करावे लागते, आणि हा सारा खटाटोप करण्यापेक्षा आज मिळेल त्या किमतीस गाडी काढून टाकलेली बरी, असे शेजारी, आप्तेष्ट आणि विशेषतः जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे इसम इतक्या ठामपणे सांगतात की, वर्षानुवर्षे जपलेली, फारशी न चाललेली उत्तम गाडी केवळ भीतीपोटी कवडीमोलाने देऊन टाकली जाते. या वार्तांत सत्याचा काही अंश आहे, परंतु तो अन्य प्रांताचा, अन्य प्रकारच्या वाहनांचा किंवा अन्य प्रसंगाचा आहे. आणि खाजगी मोटारीच्या बाबतीत महाराष्ट्रात लागू असलेला कायदा गाडीचे वय पाहून थांबत नाही, तिची प्रकृती पाहतो, ही गोष्ट प्रत्येक मालकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ४१ अन्वये खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत ग्राह्य असते आणि ती मुदत संपल्यावर वाहनाची तपासणी होऊन तिचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. ती पाच वर्षे सरली की पुन्हा पाच, आणि अशा नूतनीकरणांची संख्या त्या कलमात मर्यादित केलेली नाही. मग बंदीची भाषा आली कोठून? ती प्रामुख्याने दिल्लीहून आली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ व २०१५ साली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांविरुद्ध हुकूम दिले, २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि त्यांच्या अंमलबजावणीबाबत पुढेही न्यायालयात फेरफार होत आले. परंतु त्या हुकुमांचा इलाखा दिल्ली आणि तिच्या परिसराचा आहे, पुण्याचा, नागपूरचा किंवा रत्नागिरीचा नव्हे. दुसरा उगम सरकारी वाहनांच्या नियमात आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, आणि जिल्हा कचेरीच्या आवारातील जीपगाड्या मोडीत निघालेल्या पाहून लोकांनी तोच न्याय आपल्या दारातल्या गाडीस लावला. तिसरा उगम २०२१ साली जाहीर झालेले वाहन मोडीत काढण्याचे धोरण हा होय. या धोरणाने मोडीची अधिकृत केंद्रे उभी करण्याची व्यवस्था केली आणि गाडी स्वखुशीने मोडीत देणाऱ्यास काही सवलती देऊ केल्या. तपासणीत योग्य ठरलेल्या खाजगी गाडीस निव्वळ वयाच्या कारणाने मोडीत घालण्याचे फर्मान मात्र त्यात नाही.

दरवर्षी तपासणी हवी, हा समजही असाच एका वर्गातून दुसऱ्या वर्गात शिरलेला आहे. टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, ट्रक, प्रवासी बस अशा व्यावसायिक वाहनांना स्वतंत्र योग्यता प्रमाणपत्र लागते आणि ते वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दोन-दोन वर्षांसाठी व त्यानंतर एकेका वर्षासाठी मिळते; म्हणजे वार्षिक पासिंगचा नियम खरोखरच अस्तित्वात आहे, पण तो भाड्याने चालणाऱ्या जुन्या वाहनांसाठी. एकाच जातीच्या दोन गाड्यांना कायदा किती निरनिराळी वागणूक देतो याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या प्रीमियर पद्मिनीत सापडते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीस तेथे वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे, २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली. तिच्याहून कितीतरी जुनी असलेली खाजगी पद्मिनी मात्र तपासणीस उतरून दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करून घेत असेल, तर आजही त्याच रस्त्यावरून कायदेशीरपणे जाऊ शकते.

गाडी घेताना एकरकमी कर भरला होता, तेव्हा आता पुन्हा पैसे कसले, असा प्रश्न पुष्कळ मालक करतात. कर आणि नोंदणी या दोन पृथक बाबी आहेत. नूतनीकरणाचे शुल्क केंद्र सरकारच्या नियमांनी ठरते आणि १ एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटारीस ते ५,००० रुपये झाले. वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीसाठी २०२५ च्या ऑगस्टातील अधिसूचनेने ते दुप्पट, म्हणजे १०,००० रुपये केले. याखेरीज महाराष्ट्रात २०१० सालापासून जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे, आणि खाजगी पेट्रोल मोटारीस पाच वर्षांसाठी ३,००० व डिझेल मोटारीस ३,५०० रुपये असा त्याचा दर ठरविण्यात आला.

आता तपासणीकडे वळू. पी.यू.सी. आहे म्हणजे गाडी योग्य आहे, हा यातील सर्वांत व्यापक आणि माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज होय, कारण त्यामुळे धुराच्या कागदाकडे मालकाचे लक्ष राहते आणि ज्यावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत त्या ब्रेककडे राहत नाही. पी.यू.सी. केवळ सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वायूंविषयी बोलते. तिच्याबद्दलही एक उलट दिशेची भीती प्रचलित आहे, ती अशी की जुन्या गाडीस नव्या गाडीचे मापदंड लावले जातात आणि म्हणून ती उत्तीर्ण होणेच शक्य नाही. वस्तुतः प्रत्येक गाडी ज्या उत्सर्जन-मानकानुसार बनली, त्याच मानकाने तिची परीक्षा होते. भारत स्टेज दोनच्या पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीस उभ्या गाडीचे इंजिन संथ चालू (आयडलिंग) असताना कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत क्षम्य आहे. स्टेज दोन व तीनच्या गाडीस हीच मर्यादा ०.५ टक्के व ७५० पीपीएम, आणि स्टेज चारच्या गाडीस ०.३ टक्के व २०० पीपीएम आहे. डिझेल गाडीचा धूर स्टेज चारपूर्वी ६५ हार्ट्रिज एककांपर्यंत आणि स्टेज चारला ५० पर्यंत चालतो. प्रमाणपत्राची मुदतही याच भेदावर ठरते: स्टेज चार व सहाच्या गाड्यांना एक वर्ष, त्यापूर्वीच्या गाड्यांना सहा महिने.

या मर्यादा इतक्या अवघड नाहीत की इंजिन खोलल्यावाचून त्या गाठता येऊ नयेत. एअर फिल्टर धुळीने तुंबला की हवा कमी व पेट्रोल अधिक असे मिश्रण जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. स्पार्क प्लग झिजून एखादे सिलिंडर मधूनच चुकू लागले की न जळलेले इंधन तसेच बाहेर येते आणि हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. सायलेन्सरच्या मार्गात बसविलेला उत्प्रेरक परिवर्तक तर सुमारे तीनशे अंश तापल्याखेरीज आपले कार्य सुरूच करीत नाही. म्हणून घरापासून दोन फर्लांगांवरील केंद्रात थंड इंजिनाने गेलेली निर्दोष गाडीही नापास होऊ शकते आणि तीच गाडी अर्धा तास चालवून नेली तर सहज उतरते. डिझेल गाडीच्या तपासणीत इंजिन मोकळे ठेवून ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात. त्या ताणाने जुना बेल्ट तुटू शकतो, म्हणून ज्या गाडीचा टायमिंग बेल्ट मुदतीबाहेर गेलेला आहे, तिला या परीक्षेस नेण्यापूर्वी बेल्ट बदलून घ्यावा, इतकी सावधगिरी मी आवर्जून सुचवीन.

गाडी पॉलिश करून, बंपर रंगवून नेली की निरीक्षक समाधानी होतो, अशीही एक समजूत आहे आणि त्यापायी लोक ऐन तपासणीच्या आधी हजारो रुपये रंगकामावर खर्च करतात. गाडीचा रंग एकसारखा व नोंदीबरहुकूम असावा हे खरे. परंतु खर्च करावयाचाच तर तो प्रथम खालच्या अंगास करावा. वसई, अलिबाग, मालवण, पणजी अशा किनाऱ्यालगतच्या गावांत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून पत्र्याची जी दशा करतात ती वरून दिसत नाही. दरवाजाच्या खालची पट्टी, चाकांवरच्या कमानींचा आतला काठ, जॅक लावण्याची जागा आणि पायाखालच्या रबरी चटईच्या आड असलेला तळ येथे गंज प्रथम धरतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने या पट्टीवर हलकेच ठोकत जावे: धड पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला दबका आवाज देतो, आणि पुट्टी भरून वरून रंग मारला असेल तर तेथे लोहचुंबक धरत नाही. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली बारीक छिद्रे मातीने बुजलेली असतात. ती एका तारेने मोकळी केली तर पुढील पावसाळ्यात पत्रा वाचतो. गंजावर थेट काळा डांबरी लेप फासून घेणे हा मात्र आत्मघात होय, कारण ओल आत कोंडली जाते आणि सडण्याची क्रिया दृष्टीआड चालूच राहते.

ब्रेकविषयी तर कोणतीही तडजोड नको. व्यावसायिक वाहनांच्या तपासणीसाठी अडीचशे मीटर लांबीचा ब्रेक-चाचणी पथ असलाच पाहिजे, असा आग्रह मुंबई उच्च न्यायालयाने धरला, यावरून या एका अंगाचे महत्त्व ध्यानी यावे. जुन्या खाजगी गाडीत पॅड जाड असूनही ब्रेक निकामी होण्याचा संभव असतो, कारण ती गाडी चालण्यापेक्षा उभीच अधिक राहते: ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते, रबरी नळ्यांना भेगा पडतात, मागच्या चाकातील सिलिंडर अडकतो आणि हँडब्रेकची केबल आतल्या आत गंजते. टायरचेही तसेच आहे. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते आणि खोबणीच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीस आले की ती मर्यादा संपली असे समजावे. तथापि नक्षी भरपूर असूनही ज्याच्या बाजूंना बारीक भेगा पडल्या आहेत तो टायर विश्वासास पात्र नाही.

जुन्या गाडीचे पासिंग अडते ते मात्र पुष्कळदा निराळ्याच कारणाने, आणि ते कारण म्हणजे चासीचा नंबर. त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की आकडे कागदावर उमटतात आणि तो छाप नोंदणीशी ताडून पाहिला जातो. गंजाने एखादा आकडा खाल्ला असेल तर गाडीची ओळखच संशयास्पद ठरते. अशा वेळी ओळखीच्या मिस्त्रीकडून नंबर पुन्हा ठोकून घेण्याचा मोह अनेकांना होतो, तो सर्वस्वी टाळावा. ते काम कार्यालयाच्या परवानगीनेच झाले पाहिजे, अन्यथा प्रामाणिक मालकावरही चोरीच्या गाडीचा संशय येऊ शकतो. नंबर शाबूत असेल तर आजच त्यावर ग्रीसचा पातळ थर लावून ठेवावा.

कागदपत्रांच्या बाबी थोडक्यात सांगता येतील. कर्ज फिटून दशक लोटले तरी बँकेचा बोजा नोंदीवर तसाच राहिलेला असतो, तो बँकेचा दाखला आणून उतरवून घ्यावा. वाहतूक पोलिसांचे थकलेले दंड भरावेत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीस उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवावी. कारखान्याने दिलेल्या स्वरूपात केलेले फेरफार कलम ५२ च्या कक्षेत येतात, म्हणून सी.एन.जी. किट बसविले असेल तर त्याची नोंद आर.सी.वर हवी आणि सिलिंडरच्या दाबचाचणीचा चालू दाखलाही हवा.

एजंटावाचून हे काम होत नाही, असे छातीठोकपणे सांगितले जाते. अर्ज क्रमांक २५ आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर भरता येतो, शुल्क तेथेच जमा होते आणि गाडी नेमल्या दिवशी मालकाने स्वतः रुजू केली तरी चालते. एकदा नापास झालेली गाडी कायमची बाद होते, हेही खरे नाही. दोष दुरुस्त करून गाडी पुन्हा दाखविता येते. आणि नोंदणी अधिकाऱ्याने नूतनीकरण नाकारलेच तर कलम ४५ प्रमाणे त्या आदेशाची प्रत कारणांसह देणे त्याच्यावर बंधनकारक आहे, व त्याविरुद्ध तीस दिवसांच्या आत अपील करण्याचा हक्क कलम ५७ ने मालकास दिलेला आहे. कारण लेखी मागण्याचा संकोच आपल्याकडे फार आहे. तो सोडला पाहिजे, कारण तोंडी नकाराविरुद्ध दाद मागता येत नाही.

राहता राहिली मुदत. विमा चालू आहे तोवर नोंदणी संपली तरी हरकत नाही, अशा समजुतीत कित्येक गाड्या महिनोन्‌महिने फिरत असतात. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे नोंदणीविना वाहन चालविणे, आणि त्या अवस्थेत अपघात वा चोरी झाली तर विमा कंपनी नोंदणीच्या अभावावर बोट ठेवून दावा नाकारू शकते. विलंबासाठी मोटारीस दरमहा ५०० रुपये जादा शुल्क केंद्रीय नियमांत सांगितले आहे, ते निराळेच. ज्यांच्या दारात पंधरा वर्षांच्या आसपासची गाडी उभी आहे त्यांनी तिचा सौदा करण्यापूर्वी आर.सी. काढून तिच्यावरील मुदतीची तारीख पाहावी. त्या तारखेच्या आधी साठ दिवसांपासून नूतनीकरणाचा अर्ज स्वीकारला जातो.