साप बघायला जावं, धरायला नव्हे

पाऊस सुरू झाला की वसई-विरारमधल्या सर्पमित्रांचे फोन खणखणू लागतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चाळीतल्या मोरीत, वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावर साप निघतो. गर्दी जमते, मोबाइल वर होतात, साप पिशवीत जातो आणि लोक पांगतात. साप जिवंत राहिला, हे या प्रसंगातलं मोठं समाधान. पण शहरातल्या बहुतेकांची सापाशी गाठ पडते ती एवढीच, आणि त्यातून मनावर ठसतं ते इतकंच की साप म्हणजे इथून हलवायची वस्तू. म्हणूनच शनिवार-रविवारी तुंगारेश्वरच्या पायथ्याशी किंवा भाताच्या बांधांवर मुद्दाम साप, सरडे, घोरपडी शोधत फिरणाऱ्या तरुण मंडळींकडे ‘नसता उद्योग’ म्हणून बघणं मला पटत नाही. साप त्याच्या जागी, त्याच्या वेळी, हात न लावता पाहायला शिकणं माणसाच्या आणि सापाच्या दोघांच्याही भल्याचं आहे. ‘हात न लावता’ हे शब्द मात्र त्यातून वगळता येणार नाहीत.

अशा शोधासाठी वसईइतकी सोयीची जागा मुंबईच्या आसपास क्वचितच सापडेल. रेल्वेच्या पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. २००३ साली अभयारण्य झालेलं हे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं जंगल बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला तानसाच्या जंगलाशी जोडतं. पश्चिमेला केळीच्या आणि पानांच्या वाड्या, त्यांतली बावखलं म्हणजे छोटी तळी, पुढे मिठागरं, तिवरं आणि खाडी. जमीन बदलली की साप बदलतो. डोंगरातल्या झुडपांत हरणटोळ आणि हिरवा चापडा, बावखलाच्या काठी बेडकांवर टपलेला दिवड, बांधावर उंदरांमागे असलेली धामण, तिवरांच्या चिखलात भरती-ओहोटीच्या वेळा पाळून मासे धरणारे पाणसाप. या सगळ्याच्या मधोमध २०११च्या जनगणनेतच १२ लाखांवर गेलेलं शहर पसरलं आहे. बावखल बुजवून त्यावर भराव पडतो तेव्हा कागदोपत्री एक खड्डा बुजतो. तिथे दिवड आणि बेडूक पाहिलेल्या माणसाला मात्र त्याबरोबर काय गेलं ते सांगता येतं. भरावाबद्दल बोलणारे असे साक्षीदार वसईला हवेच आहेत, आणि ते घरात बसून तयार होत नाहीत.

ओळख म्हणजे काय ते कवड्या आणि मण्यार या जोडीवरून समजतं. दोघांच्या अंगावर आडवे पांढरे पट्टे, दोघेही रात्री हिंडणारे, दोघेही घरात शिरणारे. कवड्या बिनविषारी; पालींच्या मागे भिंतीवर सराईतपणे चढतो. मण्यारीचं विष आपल्याकडच्या सापांत अत्यंत जहाल. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलट. मानेकडचा भाग बहुधा कोरा, तुकतुकीत काळा-निळा, आणि पट्टे मागे जाताना स्पष्ट होत जातात, बरेचदा जोडीजोडीने. पाठीच्या मधोमध खवल्यांची एक रांग असते. तिच्यातले खवले षटकोनी आणि बाजूच्या खवल्यांहून मोठे. पण मण्यारीच्या पिलांत पट्टे पार मानेपासूनही दिसू शकतात, म्हणजे नियम पाठ केला तरी फसगत व्हायची ती होतेच. दहा वेगवेगळे साप, वेगवेगळ्या उजेडात, जाणकाराच्या सोबतीने पाहिल्यावर डोळा तयार होतो. तोवर ‘पट्टे आहेत ना, मारा’ हाच न्याय चालतो, आणि त्यात कवडे मरतात.

यावर एखादे डॉक्टर रास्त हरकत घेतील. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं, उपचार लक्षणं पाहून होतात; मग लोकांनी जाती ओळखून करायचं काय? दंश झाल्यावर सापाच्या मागे धावू नये, त्याला मारून दवाखान्यात आणू नये, वेळ दवडू नये, हे अगदी खरं. ओळखीचा उपयोग दंशाच्या आधी आहे. मण्यार झोपलेल्या माणसाला चावते, दंश पुष्कळदा दुखतही नाही, काही तासांनी पापण्या जड होऊ लागतात. हे ज्याला ठाऊक आहे तो पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालत नाही, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचतो आणि पहाटे कुणाचे डोळे मिटू लागले तर झोप म्हणून सोडून देत नाही.

धोक्याचा आक्षेप याहून जुना. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आहे. मृत्यू बहुतांशी ग्रामीण भागातले, जवळपास निम्मे जून ते सप्टेंबरमधले. ही माणसं साप शोधायला गेली नव्हती. ती शेतात राबत होती, अंधारात अंगणात उतरत होती, झोपली होती. धोका न दिसलेल्या सापावर पाय पडण्यात आहे. टॉर्च घेऊन, गमबूट घालून, पाऊल टाकण्याआधी जमीन पाहत चालणारा माणूस त्या मानाने सुरक्षित असतो, आणि तीच सवय तो घरच्या अंगणातही नेतो. मात्र साप हातात घेतला की हा सगळा हिशोब उलटतो. हिरव्या चापड्यावर तर आपलं प्रतिविष बनवलेलंच नाही. तेव्हा सापाची शेपूट धरून फोटो काढणाऱ्या गटात आपलं मूल जाऊ न देणारे आईवडील बरोबरच वागतात.

प्राण्यांना त्रास होतो, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. हरणटोळ पाहा. चाबकाच्या दोरीसारखा बारीक हिरवा साप, टोकदार नाक, आणि डोळ्यात आडवी, चावीच्या भोकासारखी बाहुली. वारा आला की तो फांदीबरोबर हलतो, वारा थांबला की थांबतो. तो उडी मारून माणसाची टाळू फोडतो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्याचं सौम्य विष खरं तर पाली-सरडे-बेडकांसाठी आहे. अर्धा तास लांब उभं राहिलं तर तो शिकार कशी करतो हेही दिसू शकतं. त्याला धरून दुसऱ्या, ‘चांगल्या’ फांदीवर ठेवलं की उरतो फक्त घाबरलेला साप. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पकडणं आणि हाकणंही येतं, तसा प्रयत्नसुद्धा येतो. फोटोपुरतं धरलं ही सबब तिथे चालत नाही. अभयारण्यात शिरायलाही वनखात्याचा परवाना लागतो. दगड उलथू नयेत हे उत्तम, आणि उलथलाच तर होता तसा ठेवावा, कारण खालची ओल गेली की तिथल्या वाळ्याचं, पालीच्या अंड्यांचं घर जातं. पकडून लांब सोडणंही वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले खुळखुळे साप दूर नेऊन सोडले तेव्हा ते भटकत राहिले आणि स्थानिक सापांच्या तुलनेत कितीतरी अधिक मेले, असं १९९९ साली नोंदवलं गेलं. म्हणून सर्पमित्राला बोलावण्याची वेळच कमी येईल, बिनविषारी साप आपला आपण निघून जाईपर्यंत लोक वाट पाहतील, हे जास्त हिताचं.

राहता राहिला प्रश्न फोटो टाकण्याचा. नोंदी हव्यातच. द्वीपकल्पीय भारतातले हरणटोळ एकाच जातीचे नसून त्यांत अनेक वेगळ्या जाती आहेत, हे २०२० साली उलगडलं. रोज दिसणाऱ्या सापाबद्दल ही स्थिती. पण चीनमध्ये १९९९ साली वर्णन झालेल्या एका देखण्या पालीची जागा शोधनिबंधातून बाहेर फुटली, आणि शौकिनांसाठी पकडणाऱ्यांनी त्या मूळ जागेवरून ती काही वर्षांत संपवली. आपल्याकडे मांडुळाला ‘दुतोंड्या’ म्हणत, त्याने गुप्तधन मिळतं अशा थापांवर लाखोंचे व्यवहार होतात आणि गरीब प्राणी गोणीत मरतो. तेव्हा फोटोखाली ‘तुंगारेश्वर परिसर’ एवढं लिहिलेलं पुरे. ओढा, वळण, झाड लिहू नये, आणि मोबाइल फोटोत आपोआप साठवतो ते ठिकाणही टाकण्याआधी पुसावं. नेमकी जागा वनखात्याला किंवा अभ्यासकाला थेट कळवता येते.