सीझर वाचला असता तर

इतिहासात 'जर-तर'ला स्थान नाही, असे आपल्याला शिकवले जाते. मी स्वतः महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मला हे पुरते पटत नाही. काय बदलले असते, हे तपासता तपासता काय बदललेच नसते, तेही कळते. आणि ते अधिक मोलाचे असते.

इ. स. पूर्व ४४, १५ मार्च. रोममध्ये सिनेटच्या बैठकीत ज्युलियस सीझरवर २३ वार झाले. समजा, तो वाचला असता. तीनच दिवसांनी तो पार्थियाच्या स्वारीवर निघणार होता. ते युद्ध बहुधा झाले असते. अँटनी, ऑक्टेव्हियन व लेपिडस यांचे त्रिकूट कदाचित जमले नसते आणि इ. स. पूर्व ४३ मध्ये सिसेरोचा शिरच्छेद टळला असता. एकाच्या हाती सत्ता मात्र आलीच होती. सीझर तहहयात हुकूमशहा झालेला होता.

आता हाच प्रश्न गुलामाच्या बाजूने विचारू. गॉलमधील एका जमातीची ५३,००० माणसे एकदम विकली गेल्याचे सीझरनेच लिहून ठेवले आहे. गुराख्यांत एक तृतीयांश माणसे स्वतंत्र असावीत, असा नियम त्याने केला. करिंथच्या वसाहतीत मुक्त झालेल्या गुलामांना वसवले. पण गुलामगिरीला हात लावला नाही. तो आणखी वीस वर्षे जगता, तरी लावला असता असे मानायला आधार नाही.

मग मारेकरी स्वातंत्र्याचे कैवारी होते काय? ब्रूटसने आपल्या हस्तकांमार्फत सायप्रसमधील सालामिस नगराला ४८ टक्के व्याजाने कर्ज दिले होते. पुढे त्याने नाणे पाडले : दोन खंजीर आणि मध्ये एक टोपी. ही टोपी मुक्त झालेल्या गुलामाची खूण. गुलामांच्या मालकांनी ती स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी वापरली!

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. 'स्वातंत्र्य' हा शब्द वाचला की 'कोणाचे?' असे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

सीझरचे प्रेत तीन गुलामांनी पालखीतून घरी नेले. तो वाचला असता, तर जखमी सीझरलाही त्यांनीच उचलले असते. विद्यार्थ्यांनी 'जर-तर' जरूर करावे. सुरुवात मात्र पालखी उचलणाऱ्यांपासून करावी.