डिंगी, द्विनाविक शर्यती

दोन नाविकांनी मिळून चालवावयाची, शर्यतीसाठी बांधलेली लहान व उघडी शिडाची नौका. ‘डिंगी’ हा शब्द भारतीय भाषांतील होडीवाचक शब्दावरून इंग्रजीत गेला आणि तेथून सर्वत्र रूढ झाला. या नौकांची लांबी सामान्यतः ४ ते ५ मी. असते. मोठ्या शर्यती नौकांप्रमाणे त्यांच्या तळाला जड धातूचा कणा नसतो. वाऱ्याच्या रेट्याने नौका आडवी सरकू नये म्हणून वरखाली करता येणारी मध्यफळी बसविलेली असते. त्यामुळे नौका सरळ राखण्याचे काम नाविकांच्या शरीरभारालाच करावे लागते. सुकाणी हा सुकाणू व मुख्य शीड सांभाळतो. पुढे बसणारा सहनाविक पुढील लहान शीड (जिब) व मध्यफळी यांकडे लक्ष देतो. काही वर्गांत वारा मागून असताना स्पिनेकर हे फुगीर शीडही उभारतात व त्याचीही व्यवस्था मुख्यत्वे सहनाविकाकडे असते.

इतिहास : पाण्यातून चालणारी नौका स्वतः निर्माण केलेल्या लाटेत अडकते व तिच्या लांबीनुसार वेगाला मर्यादा पडते. नौका हलकी व तळाशी सपाट असल्यास पुरेशा वाऱ्यात ती या लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठावरून घसरू लागते. हे तत्त्व शर्यतीत प्रभावीपणे सिद्ध करण्याचे श्रेय ब्रिटिश अभिकल्पक उफा फॉक्स यांना दिले जाते. त्यांच्या ‘अ‍ॅव्हेंजर’ या नौकेने १९२८ मध्ये ५७ शर्यतींपैकी ५२ जिंकल्या. १९३८ मध्ये पीटर स्कॉट व जॉन विंटर यांनी डोलकाठीवरून सोडलेल्या तारेला कमरेचा पट्टा अडकवून संपूर्ण शरीर नौकेबाहेर झोकण्याची युक्ती (ट्रॅपीझ) वापरून प्रिन्स ऑफ वेल्स चषक जिंकला. लगेच त्या वर्गात तिच्यावर बंदी आली. पुढे मात्र ती अनेक वर्गांत अधिकृत झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जलाभेद्य प्लायवुड व नंतर काचतंतुप्रबलित प्लॅस्टिक यांमुळे या नौका स्वस्त झाल्या आणि हा खेळ मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आला.

वर्गपद्धती : शर्यतीच्या नौकांची विभागणी वर्गांत केलेली असते. एकरूप वर्गात नौकेचा आकार, वजन, शिडांची मापे व साहित्य नियमांनी ठरवून दिलेले असते. त्यामुळे जो आधी पोहोचतो तो जिंकतो आणि निकाल मुख्यत्वे नाविकांच्या कौशल्यावर अवलंबून राहतो. मर्यादाबद्ध वर्गात केवळ काही मापे ठरलेली असून त्या मर्यादेत नवीन रचनेस मुभा असते. अशी नौका लवकर जुनी होते व खर्च वाढत जातो. वेगवेगळ्या वर्गांच्या नौका एकत्र धावतात, तेव्हा प्रत्येक वर्गाला दिलेल्या अंकानुसार वेळेत दुरुस्ती करतात. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या पोर्ट्‌स्मथ पद्धतीत प्रत्यक्ष लागलेल्या वेळेस १,००० ने गुणून वर्गाच्या अंकाने भागतात. समजा, १,१०० अंकाच्या नौकेला ६६ मिनिटे व ९५० अंकाच्या नौकेला ५८ मिनिटे लागली, तर दुरुस्त वेळा अनुक्रमे ६० व सु. ६१ मिनिटे येतात आणि मागून आलेली संथ नौका विजयी ठरते. ही पद्धत उपयुक्त असली, तरी मंद किंवा जोरदार वाऱ्यात ती सर्व वर्गांना सारखाच न्याय देऊ शकत नाही. एकरूप वर्गातील शर्यतीला नाविक अधिक महत्त्व देतात, ते यामुळेच.

प्रमुख वर्ग : स्नाइप (विल्यम क्रॉस्बी, १९३१) ही ४·७२ मी. लांबीची नौका ट्रॅपीझ व स्पिनेकर यांवाचून चालते, ती जड (सु. १७३ किग्रॅ.) असल्याने डावपेचांना तीत विशेष वाव असतो. जॅक होल्ट यांची एंटरप्राइझ (१९५६) ४·०४ मी. लांबीची असून तिची निळी शिडे प्रसिद्ध आहेत. तीतही ट्रॅपीझ नाही. क्रिस्त्याँ मोरी यांनी १९५९ मध्ये आखलेली ४२० ही ४·२० मी. लांबीची नौका ट्रॅपीझ व स्पिनेकर शिकणाऱ्या युवकांत लोकप्रिय आहे. पीटर मिल्न यांची फायरबॉल (१९६२) ४·९३ मी. लांब, सपाट पृष्ठांची, घरीही बांधता येईल अशी योजली होती. आंद्रे कॉर्न्यू यांची ४७० (१९६३) १९७६ पासून ऑलिंपिक क्रीडासामन्यांत आहे. १९८८ मध्ये महिलांची वेगळी शर्यत सुरू झाली आणि २०२४ च्या पॅरिस सामन्यांत ती एक पुरुष व एक महिला अशा मिश्र जोडीची झाली. ज्युलियन बेथवेट यांच्या फॉर्टीनाइनर या नौकेत (ऑलिंपिकमध्ये २००० पासून) दोघेही नाविक ट्रॅपीझवर असतात. ती अत्यंत वेगवान व तितकीच अवघड आहे.

नौकेची निवड : पहिला विचार दोघांच्या एकत्रित वजनाचा करावा लागतो. ४७० साठी सु. ११० ते १३० किग्रॅ. वजनाची जोडी योग्य मानली जाते. त्यात ट्रॅपीझवरील सहनाविक उंच व सुकाणी हलका असणे हिताचे असते. याहून बरीच जड जोडी मंद वाऱ्यात मागे पडते, तर हलक्या जोडीला जोराच्या वाऱ्यात शिडे सैल सोडावी लागतात आणि वेग गमवावा लागतो. दुसरा विचार कौशल्याचा. जी नौका वारंवार उलटते, तिच्यात शर्यतीचे डावपेच शिकण्याऐवजी केवळ नौका सरळ करण्याचाच सराव होतो. म्हणून स्पिनेकर व ट्रॅपीझ नसलेल्या नौकेपासून आरंभ करणे नवोदितांस श्रेयस्कर असते.

वापरलेली नौका घेताना काही गोष्टी डोळसपणे पाहाव्या लागतात. प्लायवुडच्या नौकेत मध्यफळीच्या पेटीभोवती व सांध्यांत लाकूड कुजलेले आढळते. प्लॅस्टिकच्या नौकेचा पृष्ठभाग तळहाताने दाबल्यास दबत असेल, तर आतील थर सुटले आहेत असे समजावे. अशा नौकेचा ताठरपणा गेलेला असतो व कितीही निगा राखली तरी ती वेग धरत नाही. हवाबंद कप्पे गळत नाहीत ना, डोलकाठी वाकलेली नाही ना, मध्यफळी व सुकाणू यांच्या कडा सलग आहेत ना, हेही तपासावे. वर्गाचे मापन-प्रमाणपत्र नसेल, तर नौका स्वस्त असूनही अधिकृत शर्यतीत निरुपयोगी ठरू शकते. शिडांचा आकार वापराने बिघडतो. म्हणून नव्या शिडांचा खर्च किमतीत धरावा.

ताफ्याची पारख : तथापि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न नौकेचा नसून ताफ्याचा आहे. उत्तम नौका असूनही तिच्या वर्गात जवळपास दुसरी नौका नसेल, तर तुलना होत नाही व प्रगती खुंटते. यासाठी वर्गाच्या सभासदांच्या यादीपेक्षा प्रत्यक्ष निकालपत्रके पाहावीत. आरंभरेषेवर किती नौका येतात, त्यांपैकी किती शर्यत पूर्ण करतात, विजेते बदलतात की एकच जोडी सदैव जिंकते आणि नवीन नावे दिसतात का, यांवरून ताफ्याचे स्वास्थ्य कळते. सातत्याने धावणाऱ्या आठ-दहा नौकांचा ताफा हा कागदोपत्री असलेल्या पन्नास नौकांपेक्षा अधिक मोलाचा असतो. वर्ग-संघटना कार्यक्षम असेल, तर वार्षिक कार्यक्रम, मापन व प्रशिक्षण यांची सोय होते. नौका विकत घेण्यापूर्वी एखादा हंगाम दुसऱ्याच्या नौकेवर सहनाविक म्हणून काढणे हा ताफा ओळखण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होय. ताफे मोडूही शकतात : १९६० ते १९९२ या काळात ऑलिंपिकमध्ये असलेल्या फ्लाइंग डचमन या वर्गाने ते स्थान गमावले. ऑलिंपिकसाठीच सराव करणाऱ्या जोड्यांना अशा वेळी वर्ग बदलणे भाग पडते.

शर्यतीची पद्धत : सामान्यतः आरंभापूर्वी पाच मिनिटे इशारा, चार मिनिटे आधी पूर्वतयारीची खूण, एक मिनिट आधी आणखी एक खूण व त्यानंतर आरंभ असा क्रम असतो. बोयांनी आखलेला मार्ग वाऱ्याच्या दिशेने व वाऱ्याविरुद्ध असा असतो. थेट वाऱ्याकडे जाता येत नसल्याने नौका नागमोडी वाटेने चढतात. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या नौकेला डाव्या बाजूने वारा घेणारीने वाट द्यावी, एकाच बाजूने वारा घेणाऱ्या व बाजूबाजूने चालणाऱ्या नौकांत वाऱ्याकडील नौकेने आडोशाकडील नौकेपासून दूर राहावे, हे मुख्य नियम होत. पंच सर्वत्र नसतो. नियमभंग करणाऱ्याने स्वतःहून शिक्षा म्हणून बहुधा दोन वळसे घ्यावयाचे असतात. ज्या ताफ्यात हा प्रामाणिकपणा पाळला जातो, तेथेच शर्यतीला अर्थ राहतो. पहिल्यास एक, दुसऱ्यास दोन असे गुण देतात व कमीत कमी गुणांची जोडी विजयी होते.

भारतातील स्थिती : या खेळाचे नियंत्रण यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना करते. सेनादलांची केंद्रे तसेच मुंबई, चेन्नई व हैदराबाद येथील क्लब हे त्याचे प्रमुख आधार आहेत. १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांतील शिडनौकांच्या शर्यती मुंबईत झाल्या. त्यांत फायरबॉल वर्गात फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळविले. तारापोर यांनी १९८४, १९८८ व १९९२ या तीन ऑलिंपिक सामन्यांत ४७० वर्गात भारताचे प्रतिनिधित्व केले. २०१८ च्या आशियाई सामन्यांत वर्षा गौतम व श्वेता शेरवेगार यांनी महिलांच्या फॉर्टीनाइनर एफएक्स वर्गात रौप्यपदक, तर वरुण ठक्कर व के. सी. गणपती यांनी फॉर्टीनाइनर वर्गात कांस्यपदक जिंकले. ही दुसरी जोडी टोकिओ ऑलिंपिकमध्येही (२०२१) उतरली. मुंबई बंदरात पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने हंगाम मुख्यतः पावसाळ्यानंतर सुरू होतो. भरती-ओहोटीचे प्रवाह प्रबळ असल्याने तेथे वाऱ्याइतकाच प्रवाहाचा अंदाज निर्णायक ठरतो.

सुरक्षितता : नौका उलटणे हा या खेळाचा नित्याचा भाग आहे. तरण-जाकीट नेहमी घालावे, नौका उलटल्यास तिला सोडून किनाऱ्याकडे पोहत जाऊ नये आणि ट्रॅपीझचा आकडा दोरांत अडकल्यास दोर कापण्यासाठी चाकू जवळ बाळगावा. ज्या क्लबाजवळ शर्यतीच्या वेळी सज्ज अशी यंत्रचलित बचावनौका नाही, तेथील शर्यती कितीही चुरशीच्या असल्या, तरी नवोदितांनी त्यांत उतरू नये.