आजीचा कान आणि चेहऱ्यावरचे लाल-निळे दाणे

बोलताना जिथे जिथे अडखळले ते सोडून बाकी एपिसोड जवळपास तसाच इथे उतरवलाय. मध्ये एकदा मोबाइलचा टॉर्च लावायला सांगणार आहे, तेव्हा फोन हाताशी असू द्या. वाचताय म्हणजे तो हातातच असणार म्हणा.

तर झालं असं. माझी एक मैत्रीण तिच्या आजीवर छोटी ॲनिमेशन फिल्म करत होती. आजी आता नाहीत. त्यातला एक शॉट माझ्याकडे होता. सकाळची वेळ, आजी ओसरीवर बसल्यात, मागून ऊन येतंय आणि त्या उन्हात त्यांचा कान लालसर उजळलाय. आठ सेकंद फक्त. सेकंदाला २४ फ्रेम्स म्हणजे एकूण १९२.

ब्लेंडरमध्ये सायकल्सवर पहिला रेंडर काढला. भिंत स्वच्छ, लुगड्याचा पदर स्वच्छ. आणि चेहऱ्यावर, त्यातही कान, नाकपुड्या आणि मानेपाशी, लाल-निळे दाणे. कुणीतरी रांगोळीची चिमूट उडवल्यासारखे. मग मी केलं तेच, जे सगळे करतात. डिनॉइजर चालू केला. दाणे गेले, पण सोबत सुरकुत्याही गेल्या. मैत्रिणीच्या आईला, म्हणजे आजींच्या लेकीला, क्लिप पाठवली. काकूंचा लगेच फोन. "अगं, ही आमची आई नव्हे. ही कुणीतरी टीव्हीतली बाई आहे."

वाईट वाटलं. कारण त्यांचं खरं होतं.

आता टॉर्च. खोलीत अंधार करा, टॉर्च लावा आणि त्यावर बोटं घट्ट दाबून धरा. बोटांच्या कडा लाल दिसतात ना? प्रकाश कातडीवर आपटून परत फिरत नाही, बराचसा आत शिरतो. आतल्या पेशींवर, तंतूंवर धडकत दिशा बदलत राहतो आणि भलतीकडूनच बाहेर येतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-निळा प्रकाश जास्त गिळतं, लाल कमी. म्हणून लाल सगळ्यात लांब पोचतो. यालाच सबसर्फेस स्कॅटरिंग म्हणतात. हे नसेल तर कॉम्प्युटरमधला चेहरा रंगवलेल्या प्लॅस्टरसारखा दिसतो.

गंमत म्हणजे, पूर्वी या कामात दाण्यांचा एवढा त्रास नव्हता. २००१ मध्ये जेन्सन, मार्श्नर, लेव्हॉय आणि हॅनरहॅन यांनी एक सूत्र मांडलं. प्रकाश आत गेला की किती अंतरावर किती बाहेर येईल, याचा थेट अंदाज देणारं. या कामासाठी जेन्सन, मार्श्नर आणि हॅनरहॅन यांना पुढे ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. सूत्र गुळगुळीत उत्तर देतं, पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं : कातडी सपाट आहे आणि खाली अथांग जाड आहे. गालावर हे चालून जातं. कान मात्र ना सपाट, ना जाड! तिथे चित्र मेणासारखं दिसू लागतं.

म्हणून आता बहुतेक जण रँडम वॉक वापरतात. यात सूत्र नाही, किरणाला खरोखर आत सोडायचं. जत्रेच्या गर्दीत हात सुटलेलं पोर आठवा. इकडून धक्का, तिकडून धक्का, आणि शेवटी कुठल्या गल्लीतून बाहेर येईल याचा नेम नाही. किरण बाहेर पडला की त्या जागी दिवा दिसतो का, एवढं तपासायचं. एका पिक्सेलसाठी अशी शे-दोनशे पोरं सोडायची आणि सरासरी काढायची. दोनशेपैकी तिघांनाच ऊन दिसलं आणि शेजारच्या पिक्सेलमध्ये नऊ जणांना, तर एक काळपट आणि एक लालभडक. झाला दाणा तयार.

(पोर कधी कधी इतकं आत जातं की परतच येत नाही, मेहनत फुकट. त्याला पृष्ठभागाकडे हळूच ढकलायची आणि नंतर हिशेबात तेवढी दुरुस्ती करायची, अशी एक युक्ती आहे. तिला द्विवेदी सॅम्पलिंग म्हणतात. द्विवेदींचा १९८२ चा शोधनिबंध कातडीबद्दल नव्हताच, तो अणुविज्ञानाच्या नियतकालिकात आला होता. जाड थर भेदून कण पलीकडे किती पोचतात, त्याचं गणित! आज ब्लेंडरच्या रँडम वॉकमध्येही ही कल्पना वापरलेली आहे.)

मग सॅम्पल वाढवा की, असं म्हणाल. पण इथे मॉन्टे कार्लोचा हिशेब आडवा येतो. दाणे निम्मे करायला सॅम्पल दुप्पट पुरत नाहीत, चौपट लागतात. माझ्या लॅपटॉपवर एका फ्रेमला ११ मिनिटं लागत होती, म्हणजे अख्ख्या शॉटला ३५ तास. चौपट केलं की जवळजवळ सहा दिवस, आणि दाणे तरी निम्मेच जाणार. पुन्हा आमच्याकडे दुपारी लाइट जाते ते वेगळंच.

तेव्हा रडत बसण्यापेक्षा मी एक केलं. दाणे नेमके कुठे आहेत ते झूम करून पाहिलं. आणि लक्षात आलं की पहिली चूक माझीच होती. कातडीच्या सेटिंगमध्ये रेडियस होता लालला १, हिरव्याला ०.२, निळ्याला ०.१. हे ब्लेंडरचे ठरलेले आकडे, ठीकच. पण त्याला गुणणारा स्केल मी तसाच ०.०५ मीटर ठेवला होता. म्हणजे लाल प्रकाश आत पाच-पाच सेंटिमीटरच्या उड्या मारणार! आजींचं डोकं सगळं मिळून २२-२३ सेंटिमीटर. गालातून शिरलेला किरण नाकाच्या पलीकडून निघत होता. खऱ्या कातडीत ही गोष्ट काही मिलिमीटरची असते. स्केल ०.००३ केला. गालावरचे अर्धेअधिक दाणे तिथेच गेले आणि मेणचटपणाही गेला. सांगते, सॅम्पलच्या बटणाला हात लावायच्या आधी मोजपट्टी काढा.

दुसरी गोष्ट दिव्याची. कानाची कड उठावी म्हणून मी मागे एक बारीक टिंबाएवढा, पण भयंकर प्रखर दिवा लावला होता. बाहेर पडलेल्या किरणाला तो एकतर पूर्ण दिसणार, नाहीतर अजिबात नाही. मधलं काही नाही. असल्या 'सगळं किंवा काहीच नाही' मधूनच दाणे पिकतात. तो काढून साठ सेंटिमीटरचा एरिया लाइट लावला. सावलीची कड जरा मऊ झाली, पण सकाळचं ऊन आहे, चालतंय.

क्लॅम्पचं बटणही लोक सुचवतात. ते फार प्रखर किरणांना छाटून टाकतं. पण आजींचा कान उजळत होता तोच अशा मोजक्या प्रखर किरणांमुळे. क्लॅम्प फार खाली आणला की दाण्यांबरोबर कानही विझतो. मी करून पाहिलं, नको.

आता डिनॉइजर. तो वाईट नाही हो, मी त्याला चुकीच्या जागी कामाला लावलं होतं. विचार करा, कातडीच्या आत पसरलेला प्रकाश मुळातच धूसर असतो. तो आणखी थोडा पुसला तर कुणाला कळतंय? सुरकुत्या, रंध्रं, तीळ हे सगळं राहतं दुसरीकडे : वरच्या चकाकीत आणि कातडीच्या रंगाच्या टेक्श्चरमध्ये. सायकल्स हे सगळं वेगवेगळ्या पासमध्ये देतो. मग मी डिफ्यूज डायरेक्ट आणि इनडायरेक्ट पास बेरीज करून फक्त त्यांच्यावर डिनॉइजर चालवला. नंतर कंपोझिटरमध्ये त्याला डिफ्यूज कलरने गुणलं, आणि चकाकीचा पास न पुसता वरून मिळवला. चकाकीत थोडे दाणे राहिले, पण ते कातडीच्या खरखरीत मिसळून गेले. सुरकुत्या जशाच्या तशा.

उरला कान. त्याला खरंच जास्त सॅम्पल लागतात, त्याला इलाज नाही. पण ते अख्ख्या चित्राला द्यायची गरज नाही. नॉइज थ्रेशोल्ड चालू असेल तर भिंत लवकर थांबते आणि मशीन आपला वेळ कानावर खर्च करतं. मी तो ०.०१ वरून ०.००५ वर आणला. फ्रेमला १४ मिनिटं, शॉटला ४५ तास. शुक्रवारी रात्री लावलं, रविवारी संध्याकाळी हातात.

काकूंना परत क्लिप पाठवली. या वेळी फोन लगेच आला नाही. बऱ्याच वेळाने आला. त्यांनी मोबाइलवर दोन बोटांनी झूम करून करून पाहिलं होतं म्हणे. "बाकी बरोबर आहे गं," त्या म्हणाल्या, "पण आईच्या कानाचं भोक एवढं बारीक नव्हतं. बुगड्या घालून घालून ओघळलं होतं. तेवढं नीट कर."

ते मॉडेलिंगचं काम. पुन्हा ४५ तास. लावलेत.