तोतया दुरुस्तीवाला

पानिपतच्या रणांगणावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणवणारा एक तोतया निघाला. १७७६ साली त्यास देहदंड झाला. तोतये आजही आहेत. त्यांचा वेष मात्र पालटला आहे. २०१६ साली ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथील मंडळी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकेतील लोकांना दूरध्वनीवरून धमकावीत व पैसे उकळीत.

दुसरा तोतया संगणक दुरुस्त करणाऱ्याचे सोंग घेतो. पडद्यावर एकाएकी सूचना झळकते : ‘संगणकात व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा.’ फोन करताच पलीकडचा मनुष्य एक ॲप घ्यावयास सांगतो. ते घेतले, की संगणकाची सूत्रे त्याच्या हाती जातात आणि बँकेतील पैशांना वाट फुटते.

फैजपूरचा शेतकरी आपल्या केळीच्या बागेची राखण अनोळखी माणसावर सोपवीत नाही. संगणकाचेही तसेच आहे. अशी सूचना दिसताच इंटरनेट तोडावे, संगणक बंद करावा व वडीलधाऱ्यांना सांगावे. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. वेळीच कळविल्यास ते वाटेतच अडविता येण्याचा संभव असतो. भीती आणि घाई ही तोतयाची दोन शस्त्रे होत. शांत चित्तापुढे ती बोथट ठरतात.